अठराव्या वर्षी वर घेतलं म्हणून लगेच पेढे वाटायचे का?

वाचकांचे प्रश्न | बर्फावरची हॉकी

मागच्या अंकात अमेरिका-कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीची सगळ्यात मोठी लीग एनएचएल, तिच्या ड्राफ्टबद्दल लिहिलं होतं, म्हणजे दरवर्षी उन्हाळ्यात ३२ टीम्स १८ वर्षांची पोरं कशी वाटून घेतात ते, आणि शेवटी सहज एक वाक्य टाकलं की यातल्या बहुतेकांना लगेच वर, म्हणजे एनएचएलमध्ये, खेळवू नये. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आलीत की हा अख्खा भाग त्यालाच देतेय. काही लोक चिडलेत, चालेल, मीही या विषयावर चिडूनच बोलते.

प्रश्न : आमच्या टीमने ड्राफ्टमध्ये अगदी वरच्या नंबरला घेतलेला पोरगा, कॅम्पमध्ये झकास खेळला, आणि सीझन सुरू व्हायच्या आधी त्याला परत ज्युनिअरला, म्हणजे तरुण पोरांच्या लीगला, धाडून दिला. भरल्या ताटावरून उठवल्यासारखं झालं. हा त्याचा अपमान नाही का? (मिसिसॉगा)

नाही हो दादा, आणि टोरांटोच्या आसपास राहणाऱ्याने तर हे विचारूच नये, कारण मिच मार्नरचं उदाहरण तुमच्या डोळ्यांसमोर घडलंय. २०१५ ला टोरांटोने त्याला चौथ्या नंबरवर घेतला, अंगाने काडी होता तेव्हा, आणि परत ओंटारिओतल्या लंडनच्या ज्युनिअर टीमला पाठवला. तेव्हाही असंच म्हणाले होते लोक. त्या वर्षी त्याने ओएचएल या ओंटारिओच्या ज्युनिअर लीगमध्ये ११६ पॉइंट (गोल आणि असिस्ट मिळून) काढले, लंडनने ज्युनिअरचा सगळ्यात मोठा मेमोरियल कप जिंकला, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच, आणि पुढच्या वर्षी एनएचएलमध्ये आला तो थेट ६१ पॉइंट घेऊन. ते एक वर्ष तो टोरांटोत चौथ्या, म्हणजे शेवटच्या लाईनवर सात-आठ मिनिटं खेळत बसला असता तर काय शिकला असता?

दुसरं उदाहरण मला फार आवडतं, लिऑन ड्रायसाइटल. २०१४ ला एडमंटनने तिसऱ्या नंबरवर घेतला आणि लगेच वर खेळवला. ३७ मॅच, २ गोल, एकूण ९ पॉइंट. टीमची अवस्था वाईट, दर रात्री मार खायचा, पोरगा आपला पक (रबराची चकती) काठीवरून सुटला की मान खाली. जानेवारीत त्यांनी त्याला परत ज्युनिअरला पाठवला, केलोनाला. तिथे त्याच्या टीमने लीग जिंकली, मेमोरियल कपची फायनल ओव्हरटाइममध्ये हरले तरी सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस त्यालाच मिळालं. पुढचा सीझन त्याने एएचएलमध्ये, म्हणजे एनएचएलच्या लगेच खालच्या लीगमध्ये, बेकर्सफील्डला सुरू केला, थोड्याच दिवसांत वर आला आणि ७२ मॅचमध्ये ५१ पॉइंट. २०२० मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू. आता मला सांगा अपमान कुठला होता, ३७ मॅच तसं खेळवलं तो की परत पाठवलं तो?

लोक नेहमी शरीराबद्दल बोलतात, की पोरगा अजून भरला नाही, समोर तीस वर्षांचा दोनशे वीस पौंडांचा माणूस येऊन आदळणार. ते आहेच. पण मला जास्त भीती सवयीची वाटते. अठरा वर्षांचा पोरगा, ज्याला लहानपणापासून पक मिळाला की काहीतरी करून दाखवायची खोड आहे, त्याला वर घेतलं की पहिली गोष्ट काय सांगतात, चूक करू नकोस. मग तो पक आला की काचेवर मारून बाहेर काढतो, शिफ्ट, म्हणजे बर्फावरची पाळी, संपवतो, बेंचवर येतो, कोच खूश. असं एक वर्ष केलं, दोन वर्षं केलं, की ज्या गोष्टीसाठी त्याला पहिल्या पाचात घेतला होता तीच गोष्ट तो विसरतो. शरीर दोन वर्षांत जिममध्ये भरून काढता येतं, ही हिंमत कुठल्या जिममध्ये मिळते?

डेट्रॉइटवाले वर्षानुवर्षं उलटं करायचे, त्यांचं म्हणणंच होतं की पोरगा नुसता पिकलेला नको, जास्त पिकलेला हवा. आपल्याकडे आंबा आढीत ठेवतात तसं. ग्रँड रॅपिड्सला त्यांची एएचएलची टीम, तिथे पोरं दोन-दोन तीन-तीन वर्षं ठेवायचे. गुस्ताव नायक्विस्ट आणि टोमास टाटार तिथेच तयार झाले, २०१३ ला तिथे एएचएलचा काल्डर कप जिंकला, आणि पुढच्या सीझनला नायक्विस्टने डेट्रॉइटसाठी ५७ मॅचमध्ये २८ गोल मारले, वय २४. डॅटस्यूक तर १७१ व्या नंबरवर घेतलेला, रशियात खेळत राहिला आणि २३ व्या वर्षी आला. झेटरबर्ग २१० व्या नंबरचा, स्वीडनमध्ये मोठा होऊन २२ च्या आसपास आला. डेट्रॉइट सलग २५ वर्षं प्लेऑफमध्ये होतं. त्याच काळातल्या एडमंटनकडे बघा, २०१०, २०११, २०१२ सलग तीन वर्षं ड्राफ्टचा पहिला नंबर त्यांच्याकडे, तिघांनाही लगेच वर खेळवलं, आणि एकूण सलग दहा सीझन प्लेऑफ नाही. कार्बाईड घालून पिकवलेला आंबा बाहेरून पिवळा दिसतो, कापल्यावर कळतं.

प्रश्न : मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, रात्री जागून मॅच बघतो. ते दहा मॅचचं काय प्रकरण असतं? नवव्या मॅचनंतर अचानक पोरगा गायब होतो. (पुणे)

चांगलं विचारलंस. १८-१९ वर्षांच्या पोराचं पहिलं काँट्रॅक्ट तीन वर्षांचं असतं. त्या सीझनला तो एनएचएलमध्ये दहापेक्षा कमी मॅच खेळला तर ते वर्ष मोजलंच जात नाही, काँट्रॅक्ट एक वर्ष पुढे सरकतं. दहावी मॅच खेळला की पहिलं वर्ष जळालं, म्हणजे पोरगा एक वर्ष आधी महाग होणार. म्हणून नऊ मॅच बघतात आणि ठरवतात.

आता यातली खरी गोम ऐक. कॅनडाच्या ज्युनिअर लीगमधून घेतलेल्या पोराला वीस वर्षांचा होईपर्यंत एएचएलमध्ये पाठवताच येत नाही, तसा एनएचएल आणि ज्युनिअर लीगचा जुना करार आहे. एक तर वर ठेवा नाहीतर परत ज्युनिअरला, मधली पायरीच नाही. फिनलंड-स्वीडनच्या क्लबातून घेतलेल्या पोराला मात्र १८ व्या वर्षीही एएचएल चालतं. त्यामुळे होतं काय, की ज्युनिअर ज्याला आता सोपं पडतंय आणि एनएचएल अजून जड जातंय असा पोरगा लोंबकळतो. सिॲटलचा शेन राइट, २०२२ चा चौथा नंबर, त्या सीझनला एनएचएलमध्ये आठच मॅच खेळला, बाकी वेळ कधी प्रेस बॉक्समध्ये, कधी इकडे कधी तिकडे, शेवटी परत ओएचएल. नंतर एएचएलमध्ये नीट खेळायला मिळालं आणि २०२४-२५ ला ४४ पॉइंट काढले. सप्टेंबर २०२६ पासूनच्या नव्या करारात दर टीमला १९ वर्षांच्या एका पोराला एएचएलमध्ये ठेवायची वाट उघडायचं ठरलंय, हे मला मनापासून पटलं, पण एकच का, हा माझा प्रश्न आहे.

अजून एक वाट म्हणजे कॉलेज. केल मकार २०१७ ला चौथा गेला आणि मग दोन वर्षं मॅसॅच्युसेट्सच्या युनिव्हर्सिटीत खेळला, घाई नाही गडबड नाही. एप्रिल २०१९ ला कॉलेजची फायनल हरला आणि दोनच दिवसांनी कोलोराडोसाठी प्लेऑफच्या मॅचमध्ये उतरून गोल मारला. २०२२ ला स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, त्या प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू आणि सीझनचा सर्वोत्तम डिफेन्समन, तिन्ही एकाच वर्षी.

प्रश्न : नातू कॅनडात हॉकी खेळतो म्हणून मी तुमचं वाचतो. पण सचिन १६ व्या वर्षी पाकिस्तानात खेळला, नाकावर बॉल बसला, रक्त आलं तरी उभा राहिला. त्याला कोणी थांबवलं असतं तर? गुणी पोरांना अडवू नये एवढंच म्हणणं. (ठाणे)

काका, हा प्रश्न येणार हे मला ठाऊकच होतं, आणि तुमचा मुद्दा मी हलका समजत नाही. पण आठवून बघा, नोव्हेंबर १९८९ ला कराचीत उतरण्याआधी सचिन वर्षभर रणजी खेळला होता. डिसेंबर १९८८ ला गुजरातविरुद्ध पहिल्याच रणजी मॅचमध्ये शंभर, मग इराणीत शंभर. म्हणजे शाळेतून थेट वकारसमोर नाही गेला, मधली पायरी चढून गेला, मोठ्या माणसांची बॉलिंग खेळून गेला. मी वर रडतेय ती हीच मधली पायरी, हॉकीतल्या १८ वर्षांच्या कॅनडियन पोराला तीच मिळत नाही.

आणि दुसरं म्हणजे बॅट्समनला सहाव्या नंबरवर पाठवलं तरी तो आउट होईपर्यंत त्याचीच बॅटिंग, कोच मध्येच उठवून म्हणत नाही की बस झालं तुझं. हॉकीत पोरगा साठ मिनिटांच्या मॅचमध्ये आठ मिनिटं बर्फावर असतो, तीही चाळीस-चाळीस सेकंदांच्या तुकड्यांत, आणि एक चूक झाली की पुढच्या तीन शिफ्ट बेंचवर. नातवाला माझा आशीर्वाद सांगा.

प्रश्न : तुम्ही सोयीची उदाहरणं देताय. क्रॉस्बी, मॅकडेव्हिड, बेडार्ड, सेलेब्रिनी, शेफर, सगळे १८ व्या वर्षी आले. आणि जो थॉर्नटन, मॅनी मल्होत्रा यांना तुमच्या भाषेत लवकर वर घेतलं, तरी एक हॉल ऑफ फेममध्ये गेला आणि दुसरा ९९१ मॅच खेळला. मग नुकसान नक्की काय झालं? (कॅलगरी)

हे पत्र मी दोनदा वाचलं, कारण यात दम आहे. आधी क्रॉस्बी वगैरे. मान्य, २००५-०६ ला क्रॉस्बीने पहिल्याच वर्षी १०२ पॉइंट काढले, सेलेब्रिनीने ७० मॅचमध्ये ६३. अशा पोरांना खाली ठेवणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय, मी कधीच नाही म्हणाले नाही. पण बघा त्यांना वर काय मिळालं. पहिल्या दिवसापासून वरच्या लाईन्स, पॉवरप्ले (समोरची टीम एका खेळाडूने कमी असतानाचा खेळ), चूक झाली तरी पुढची शिफ्ट. आणि राहायला घर. क्रॉस्बी मारिओ लमियूच्या घरी राहिला, सेलेब्रिनी पहिल्या सीझनला सॅन होजेत जो थॉर्नटनच्या घरी. वय अठराच, पण अठराव्या वर्षाला लागतं ते सगळं भोवती होतं. असं देणार असाल तर खुशाल वर घ्या. एवढं असूनही बेडार्डचा जबडा त्या सीझनला मोडला आणि मॅकडेव्हिडचं कॉलरबोन, ते सोडून देऊ, ते कुठल्याही वयात होतं.

आता थॉर्नटन. १९९७ चा पहिला नंबर, बोस्टन. पहिल्या वर्षी ५५ मॅच, ३ गोल, ४ असिस्ट, बहुतेक वेळ बेंचवर. तो पुढे महान झाला हे त्या वर्षामुळे की त्या वर्षानंतरही? मला तरी दुसरं वाटतं. आणि त्याचं नाव आपल्याला आठवतं कारण तो तरला. नेल याकुपोव्ह कितीजणांना आठवतो? २०१२ चा पहिला नंबर, पहिल्या छोट्या सीझनला ४८ मॅचमध्ये १७ गोल, म्हणजे गुण नव्हते असं कोण म्हणेल. दुसऱ्या वर्षी कोच बदलला, त्याचा खेळच आवडेना, ११ गोल, मग परत कोच बदलला, परत बदलला, आणि २४ व्या वर्षी तो एनएचएलच्या बाहेर. येसे पुल्युयार्वी, २०१६ चा चौथा, फिनलंडहून आलेला कोवळा पोरगा, पहिल्या वर्षी २८ मॅच आणि एक गोल, मग खाली, मग वर, मग खाली, दोन्ही खुब्यांची दुखणी, शेवटी वैतागून एक वर्ष मायदेशी परत गेला. सगळं घाईमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, खुबा काही कोचने मोडला नाही. पण हाताला धरून वर नेणारं कोणी दिसत नाही या दोन्ही कहाण्यांत.

आणि मल्होत्रा. तुम्ही नाव काढलंत म्हणून बरं झालं, आपल्या लोकांना तो फारसा माहीत नाही. मिसिसॉगात जन्मलेला, वडील पंजाबी, आई क्वेबेकची. १९९८ ला न्यूयॉर्क रेंजर्सनी सातव्या नंबरवर घेतला, १८ व्या वर्षी ७३ मॅच खेळवला, ८ गोल. ग्रेट्झकीचा तो शेवटचा सीझन, त्याच ड्रेसिंग रूममध्ये हा पोरगा. दुसऱ्या वर्षी? २७ मॅच, शून्य गोल, शून्य असिस्ट. मध्येच कधी एएचएल, कधी परत गुएल्फची ज्युनिअर टीम. एकोणीस वर्षांच्या पोराने २७ वेळा एनएचएलच्या बर्फावर उतरून एकदाही स्कोअरबोर्डवर नाव बघू नये, याचा विचार करा. त्याने काय केलं, तर आपलं कामच बदललं. गोल मारणारा म्हणून घेतलेला पोरगा फेसऑफ (पंच पक टाकून खेळ सुरू करतो तो) जिंकणारा, समोरच्या मोठ्या लाईनला अडवणारा झाला, आणि त्या कामात इतका चोख की ९९१ मॅच खेळला. मला त्याचा प्रचंड अभिमान आहे. पण ते रेंजर्सचं श्रेय नाही, त्याचं आहे. दोन वर्षं गुएल्फमध्ये गोल मारत राहिला असता तर तो कोण झाला असता हे कधीच कळणार नाही, आणि दादा, नुकसान म्हणजे मला हेच म्हणायचंय.

बरं, तोच मल्होत्रा २०२४ ला व्हँकूव्हरच्या एएचएल टीमचा, ॲबट्सफर्डचा कोच झाला, आणि पहिल्याच सीझनला, २०२५ च्या जूनमध्ये काल्डर कप जिंकला. त्या टीममध्ये व्हँकूव्हरजवळच्या सरीचा अर्शदीप बेन्स होता. बेन्सला ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नव्हतं. रेड डिअरला २१ व्या वर्षापर्यंत ज्युनिअर खेळला, शेवटच्या सीझनला ११२ पॉइंट काढून अख्ख्या वेस्टर्न लीगमध्ये पहिला आला, मग व्हँकूव्हरने करार केला, मग एएचएल, मग फेब्रुवारी २०२४ ला एनएचएलची पहिली मॅच. एकाला १८ व्या वर्षी ओढून नेलं, दुसऱ्याकडे १८ व्या वर्षी कोणी बघितलंसुद्धा नाही, आणि दोघं एकाच बेंचवर कप हातात घेऊन. तो फोटो मी फोनवर ठेवलाय.

प्रश्न : माझा मुलगा नोव्हेंबरमध्ये १५ चा झाला. कोच म्हणतात त्याला १७ वर्षांच्या पोरांच्या टीममध्ये टाकू, लवकर नजरेत येईल. एजंट म्हणवणारे एक गृहस्थही घरी येऊन गेले. नवरा खूश आहे, मुलगा तर हवेतच आहे. मलाच रात्री झोप येत नाही. मी त्याच्या वाटेत येतेय का? (ब्रॅम्प्टन)

नाही ताई, तुम्ही वाटेत येत नाही आहात.

तुमच्या पत्रातला एक शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, नोव्हेंबर. इथे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे जानेवारीत जन्मलेला पोरगा आणि तुमचा, एकाच गटात असून दहा महिन्यांचा फरक. ज्युनिअर हॉकीत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली पोरं भरमसाट असतात हे १९८० च्या दशकातच रॉजर बार्न्सली नावाच्या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलंय, कारण सोपं, दहाव्या वर्षी तो आधी जन्मलेला पोरगा उंच असतो, त्यालाच चांगली टीम, चांगला कोच, जास्त मॅच. म्हणजे तुमचा मुलगा त्याच्या स्वतःच्या गटातच आधीपासून मोठ्यांशी खेळतोय. आता त्याला अजून दोन वर्षं वर टाकायचं म्हणजे जवळजवळ तीन वर्षांचा फरक, आणि या वयात तीन वर्षं म्हणजे एक ओठावर लव नसलेला पोरगा आणि एक दाढी करणारा माणूस. अंगावर आदळायची परवानगी इथे तेरा-चौदाच्या गटापासून मिळते, त्याआधी नाही, २०१३ ला हॉकी कॅनडाने ती अकरा-बाराच्या गटातून काढूनच टाकली. म्हणजे तुमच्या लेकाला धक्का खायची सवय होऊन जेमतेम दोन सीझन झालेत.

माझ्या घरातलं सांगते. धाकट्याला एका कोचने चौदाव्या वर्षी असंच वर घेतलं होतं. आम्ही दोघं नाचलो, भारतात फोन केले. तो पोरगा आधी पक घेऊन अख्खं रिंक फिरायचा, गोलच्या मागे जाऊन यायचा, मी ओरडायचे पास दे रे म्हणून. डिसेंबरपर्यंत तो निळ्या रेषेच्या पुढे पक घेऊन जाईना. आला की मार काचेवर, आला की मार काचेवर. कोच म्हणाले समंजस झालाय. मला गाडीत परत येताना रडू आलं होतं, कारण मला माहीत होतं तो समंजस नाही, घाबरलाय. पुढच्या वर्षी आम्ही त्याला त्याच्या वयात परत आणला, पण तो जुना खेळ पूर्ण परत आलाच नाही. तो आता मजेत आहे, नोकरी करतो, रविवारी मित्रांबरोबर खेळतो, पण ती टोचणी माझ्या मनात आहे.

कोच कदाचित तुम्हाला सांगतील की ओएचएलमध्ये पंधराव्या वर्षी खास परवानगीने घेतलेली पोरं असतात. असतात. २००५ ला जॉन टवारेसपासून ती पद्धत सुरू झाली, २०१२ ला मॅकडेव्हिडला मिळाली. त्याच्या पुढच्याच वर्षी शॉन डे या डिफेन्समनला मिळाली. ड्राफ्टमध्ये तो ८१ वा गेला आणि एनएचएलच्या दोन मॅच त्याच्या वाट्याला आल्या. चांगला खेळाडू आहे, वाईट म्हणत नाही, पण चौदा-पंधराव्या वर्षी गळ्यात अडकवलेली पाटी पोराने किती वर्षं वागवायची? आणि मॅकडेव्हिडसुद्धा एरीला तीन वर्षं ज्युनिअर खेळला बरं का, ते सांगायला एजंट विसरतात.

तेव्हा यंदा नाही म्हणा. नवऱ्याला वाईट वाटेल, मुलगा दोन आठवडे बोलणार नाही तुमच्याशी, चालेल. आणि नाहीच म्हणवत असेल तर कोचला समोर बसवून विचारा, की वरच्या टीममध्ये हा कितव्या लाईनवर असेल, पॉवरप्लेवर असेल का, मॅचमध्ये किती मिनिटं, आणि त्याने पक घालवून गोल खाल्ला तर पुढची शिफ्ट त्याला मिळेल का. शेवटच्या प्रश्नाला कोच किती वेळ गप्प बसतात ते नीट बघा. त्या एजंट गृहस्थांना सध्या चहा पाजून परत पाठवा, सही कशावरच करू नका.

आणि एका शनिवारी त्याच्या स्वतःच्या वयाच्या टीमच्या मॅचला जाऊन बसा, फोन पिशवीत ठेवा. तो पक घेऊन गोलच्या मागे जातो का अजून? जात असेल तर मला नक्की कळवा.